दोनशे दहा पावलं, सत्तावीस किलोमीटर

मैत्रिणींनो, होस्टेलच्या भित्तीपत्रकात जागा कमी असते हे माहितीय, पण हे सगळं सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही! टायपिंगच्या क्लासमध्ये बसून बडवतेय, चुका झाल्या तर तुम्हीच दुरुस्त करून वाचा.

रविवारी सकाळी सहाला जळगाव स्टँडवरून निघाले. आदल्या दिवशीच्या फिजिक्सच्या चाचणीत सरांनी विचारलं होतं ना, अंतर आणि विस्थापन यांतला फरक लिहा, आणि उदाहरण स्वतःचं द्या, पुस्तकातलं नको? फरक मी धडाधड लिहिला. अंतर म्हणजे प्रत्यक्ष चाललेली सगळी वाट, विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोहोचलो तिथपर्यंतची सरळ रेघ, दिशेसकट. उदाहरणाची जागा कोरी सोडली. डोक्यात फक्त कानबाई होती.

ज्या खान्देशातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. नारळाचा मुखवटा, नाकात नथ, अंगावर शालू. त्या दिवशी रोट (गोडसर जाड पोळ्या) करतात आणि ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. माझं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर. आमच्यात लेक सासरी गेली की तिला माहेरचे रोट चालत नाहीत. म्हणजे आपल्या कानबाईला आपली म्हणून नदीवर पोहोचवायची माझी ही शेवटची वेळ! चुकवून चालणारच नव्हतं.

आणि पारोळ्याच्या पुढे बस बंद पडली. अडीच तास! समोरच्या हॉटेलात सगळ्या प्रवाशांनी शेवभाजी हाणली. एवढी झणझणीत की शेजारच्या काकूंनी डोळे पुसत आणखी एक वाटी मागवली. धुळ्याला पोहोचले तर पिंपळनेरकडच्या गाड्या पावसाने थांबलेल्या. देवपूरला मावशीकडे मुक्काम. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वर मावशीचा टोला, "एवढी शिकतेस, मग शनिवारीच निघायचं कळलं नाही?"

सोमवारी पहाटेची पहिली गाडी मिळाली. साक्री मागे पडल्यावर जे दिसलं ना! आपल्याकडे केळीच्या बागांची सपाट हिरवळ, इथे डोंगर रस्त्यापर्यंत चालत आलेले. बाजरी कमरेइतकी, भुईमुगाची पिवळी फुलं, मधेच सागाची मोठमोठी पानं. मी खिडकीतून अर्धी बाहेर. कंडक्टर ओरडला तेव्हा आत आले.

आठ वाजता आमच्या फाट्यावर उतरले. फाट्यापासून दहा मिनिटांवर पांझरा, तिच्यावर फरशी (ठेंगणा पूल), आणि पलीकडे थेट आमचं गाव. धावत गेले, आणि फरशी गायब! वरून तांबडं पाणी धो धो चाललेलं. पलीकडे मारुतीचा कळस दिसत होता, आमचा कडुनिंब दिसत होता, ढोलही ऐकू येत होता. हात लांबवला तर लागेल इतकं जवळ.

काठावर बाभळीखाली एक म्हातारे बाबा दोन शेळ्या घेऊन बसलेले. पांढरं धोतर, डोक्याला लाल रुमाल.

"कोनी आंडेर (मुलगी) शे वं तू?"

"दशरथनानांची धाकटी. पलीकडच्या गावातली. आबा, पाणी कधी उतरेल?"

"बस आठेच (इथेच). दोन घंटामा उतरी जाई."

"दोन तास? दहा वाजता विसर्जन आहे!"

"मंग? बसनी (बसलीस) तं पोचशी."

आता मी घाईत असले की मला अहिराणी सुचत नाही, फिजिक्स सुचतं. मी आबांना समजावून सांगितलं. गाव इथून दोनशे पावलं, हे झालं विस्थापन. पिंपळनेरचा मोठा पूल ओलांडून त्या काठाने परत खाली आलं तर वीस-बावीस किलोमीटर, हे झालं अंतर. गाडी मिळाली तर पाऊण तास. म्हणजे फिरून जाणंच बरोबर!

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग एका शेळीकडे बघून म्हणाले, "दख (बघ) माय, कालेजमा जाइसन हाई शिकनी. जे समोर दखाई ऱ्हायनं, त्याकडे पाठ करीसन पयानं (पळायचं)."

मी हसले नाही. तेवढ्यात रस्त्यावर दुधाची जीप दिसली आणि मी पळालेच.

जीपवाले भटूभाऊ. कॅनांच्या मधे मला जागा करून दिली. मीटर चालू होतं, मी आकडा पाठ करून ठेवला. आणि मग कळलं की दुधाची जीप सरळ जातच नाही! इथे वस्तीवर वळ, तिथे मळ्यात शिर, एका गोठ्यापुढे म्हशीची धार व्हायची म्हणून थांब.

"भाऊ, लवकर चला ना!"

"ताई, म्हशीला घड्याळ नाही."

पण माणसं काय भेटली! एका वस्तीवरच्या अक्कांनी विचारपूस न करता ओंजळभर ओल्या शेंगा दिल्या. पूल ओलांडल्यावर जीप चिखलात रुतली. डोंगरातून मजुरीला निघालेल्या चार बायका आपणहून आल्या, ढकलली, हसल्या आणि गेल्या. मीही ढकलत होते. एक चप्पल तिथेच राहिली, अजून तिथेच असेल.

गावात उतरले तेव्हा साडेदहा वाजून गेलेले. मीटरवर मोजलं, सत्तावीस किलोमीटर! घराच्या दाराला बाहेरून कडी. उघडून पाहिलं तर आत चौरंग रिकामा, खाली विस्कटलेली फुलं. ढोलही ऐकू येत नव्हता. संपलं, असं वाटलं. तरीपण एक पाय अनवाणी तशीच नदीकडे पळाले.

वळणावर दिसलं. पाणी उतरलेलं! फरशीवर जेमतेम घोटाभर. काठावर सगळं गाव उभं. ढोलवाले बिडी ओढत बसलेले. आई गुडघाभर पाण्यात, डोक्यावर कानबाई. आणि तिच्या शेजारी कोण? लाल रुमालवाले आबा! हातात माझी छत्री. बाभळीखाली विसरले होते मी.

"उनी (आली), उनी! सारी दुन्या फिरीसन उनी!" आबा ओरडले.

पाणी उतरल्याबरोबर ते फरशीवरून चालत आले होते. छत्री वर धरून विचारत सुटले, दशरथनानांच्या घरचे कोण, त्यांची धाकटी फिरून येतेय, थांबा जरा. ते नसते आले तर कानबाई दहालाच गेली असती.

आत्या कमरेवर हात ठेवून माझ्यावर तुटून पडली. "तुझ्यापायी किती फुगड्या घालायला लावल्या ह्या म्हाताऱ्याने! थांबा म्हणे, थांबा म्हणे. कंबर गेली माझी!"

"आई, रागावलीस?"

आई एवढंच म्हणाली, "डोकं खाली कर."

आणि कानबाईचा पाट तिने माझ्या डोक्यावर ठेवला. ढोल परत सुरू झाला. धारेपर्यंत दहा पावलं होती. वाकडी नाहीत, फिरून नाहीत, सरळ दहा. मुलींनो, शपथेवर सांगते, त्या दहा पावलांत अंतर आणि विस्थापन एकच होतं. सरळ जाणाऱ्याला दोन्ही सारखीच, हे वाक्य मी नववीपासून पाठ म्हणतेय. ते काय असतं ते मात्र काल कळलं, गार पाण्यात, एका चपलेवर.

दुपारी रोट खाल्ले. दही, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर. माझ्या ताटात आईने कोणाला न विचारता एक रोट जास्त वाढला. आबांना आग्रह केला, तर म्हणाले, "रोट तुमना कुळना. माले खीर दे." तीन वाट्या प्यायले!

संध्याकाळच्या गाडीसाठी निघाले तेव्हा फरशी मोजत ओलांडली. दोनशे दहा पावलं. आबा शेळ्या सोडत होते.

"पुढला साल इशी ना वं?"

"येईन की आबा, पण मला रोट नाही मिळणार."

ते छत्रीकडे बोट करून म्हणाले, "ती इसरू नको. आनि रोट नही तं नही. तू मनासारखी खीर पी."

आज सरांना कोऱ्या जागेत लिहून दिलं. विस्थापन दोनशे दहा पावलं, अंतर सत्तावीस किलोमीटर. सरांनी विचारलं, एवढं फिरून तू कोणाच्या आधी पोहोचलीस? मी खरं ते सांगितलं. कोणाच्याच नाही सर, जे बसून राहिले ते माझ्या आधी पोहोचले, आणि त्यांनी माझ्यासाठी कानबाईला थांबवून धरलं.