लांब धरलं की जड

"आंगच हाय ते, बाई."

जिममधल्या बाकावर कुणाच्या तरी उघड्या पाठीचा घामाचा ठसा जसाच्या तसा उमटलेला असायचा. मी नाकाला ओढणी लावून उभी. जिम झाडणाऱ्या चाची यायच्या, बाकावर आधी नुसता तळवा टेकायच्या आणि मग ओल्या फडक्याने तो ठसा पुसून काढायच्या. मी "शी!" म्हटलं की त्यांचं हे ठरलेलं उत्तर. "आंगच हाय ते, बाई. घाम येनारच की."

मला किळस फार. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याबद्दल भलताच चांगला ग्रह करून घेणार नाही. एसटीत शेजारच्याने उकडलेलं अंडं सोललं तरी मी खिडकीकडे तोंड करते. कामशेतच्या शाळेत गणित शिकवत माझा जन्म गेला, पण शेंबडं नाक पुसलेल्या हातातली वही मी कधी हातात घेतली नाही. टेबलावर ठेवायला लावायची आणि पेनाच्या टोकाने पान उलटायची. असली बाई चौपन्नाव्या वर्षी जिमची पायरी चढली, ती काही हौसेने नाही.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. खुब्याचं हाड मोडलं, ती परत उभी राहिलीच नाही. दिवसा तिच्याजवळ एक बाई असायची, सकाळ-संध्याकाळ मी. एका सकाळी चादर बदलताना तिला कुशीवर वळवायला गेले, कमरेत कळ आली, हात सुटले आणि आई पलंगावरून खाली घसरली. नशीब, उशी आधी पडली होती. डॉक्टर म्हणाले, "पाठ बळकट करा, नाहीतर पुढच्या वेळी दोघींना उचलायला माणसं बोलवावी लागतील." भावाने पुण्याहून फोन केला, तो तळेगावच्या एका वृद्धाश्रमाची चौकशी करूनच. आईने ते ऐकलं असावं. संध्याकाळी माझं मनगट धरून म्हणाली, "मला कुठे पाठवू नकोस गं." म्हणजे माझी पाठ टिकली तर आई घरात राहणार होती, नाहीतर नाही.

जिम बाजारातल्या भाताच्या गोदामावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात कोंडा उडत असतो. वर गेलं की रबराचा, घामाचा आणि कुणीतरी न धुता ठेवलेल्या प्रोटीनच्या बाटलीचा आंबूस भपकारा. भिंतभर आरसे, आरशांवर चिकट बोटं. त्यांच्यापुढे बनियन वर करून स्वतःच्याच पोटाचे फोटो काढणारी पोरं, आणि त्यातले निम्मे माझेच माजी विद्यार्थी! ज्याला मी भर वर्गात "तुझ्या हातून काही व्हायचं नाही" असं सांगितलं होतं, तोच तिथला मालक निघाला. "या या, बाई!" म्हणत खुर्ची घेऊन धावला. पोरगा मनाने वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

पहिल्या दिवशी कुणाला काही विचारायचं नाही, असं ठरवून मी एका यंत्रावर जाऊन बसले. अंगात सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचलेली. पाच मिनिटं दांडे ओढले, ढिम्म हलेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही उलट्या बसलाय. तोंड भिंतीकडे करा." हशा पिकला. हसणारच की मेले! भिंतीकडे तोंड करून उभी राहण्याची शिक्षा मी त्यातल्या प्रत्येकाला दिली होती.

मी तडक उठले आणि बाथरूम गाठलं. तिथली घाण काय सांगू तुम्हाला! नळाखाली केसांचा गुंता, भिंतीवर थुंकीचे ओघळ. भडभडून ओकारी आली आणि ओकता ओकता रडूही फुटलं. मान वर केली तर दारात चाची, हातात बादली. साठीच्या, काटकुळ्या, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. जिम झाडणं-पुसणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि मी केलेली घाण हाताने धुवायला बसल्या. "राहू द्या हो, मी करते," मी म्हटलं. "आंगच हाय ते, बाई. व्हतंय."

दुसऱ्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण सकाळी आईला वळवायला हात पुढे केला, तर तिने घाबरून पलंगाची कड धरली. ते बघून मी मुकाट्याने चपला घातल्या. कालचं एव्हाना सगळ्या जिमला कळलं असणार, अशी खात्रीच होती. तर कुणाला पत्ताच नाही! आपल्याकडे शेजारणीने शिंकलं तरी चार घरं विचारायला येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. चाचींनी मात्र चकार शब्द काढला नव्हता.

चाची पवनानगरच्या रस्त्यावरच्या एका गावातून पहिल्या जीपने यायच्या. दुपारी धरणाकाठच्या एका कॅम्पवर, स्वयंपाकघरात मासे साफ करायच्या. कितीही धुतले तरी हातांना तो वास असायचाच. आमच्या घरात मासळी शिरलेली नाही, त्यामुळे मला तो चार हातांवरून यायचा.

मालकाने मला जमिनीवरून रॉड उचलायचा व्यायाम नेमून दिला. म्हणाला, "आजींना उचलायचंय ना बाई? मग हाच." रॉडचा कोपरा म्हणजे तिथल्या दांडग्या पोरांचं संस्थान. रेड्यासारखं हंबरायचं, लोखंड दाणकन आपटायचं आणि कचऱ्याच्या डब्यात थुंकायचं. आठवडाभर मी त्या कोपऱ्याच्या आसपास नुसती घुटमळले.

चाची मात्र तिथे रोज जायच्या. पोरांनी जमिनीवर टाकलेल्या वजनाच्या चकत्या जागेवर ठेवायला. प्रत्येक चकतीला आधी तळवा लावायचा, गुडघ्यात वाकायचं, पोटाशी धरायची आणि उठायचं. वीस किलोची चकती ती काटकुळी बाई अशी उचलायची की मला माझ्या दंडांची लाज वाटावी.

"तुमी आज निस्ता हात लावून या," एके दिवशी त्या मला म्हणाल्या. "उचलू नका. वळख तर करा आधी. परकं वजन दचकावतं मानसाला."

हसू नका, पण मी खरंच रॉडला हात लावून परत आले. दुसऱ्या दिवशी रिकामा रॉड गुडघ्यापर्यंत आणला. पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना छोट्या चकत्या लागल्या आणि पोरं "बाई, माझं झालं की तुम्ही घ्या" म्हणायला लागली. भीती गेली. किळस कशाची जाते! मालक ओरडायचा, "बाई, रॉड पायाला घासत वर आणा, लांब जातोय!" घासत? त्या रॉडला पोरांच्या नडग्यांची सालं चिकटलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी तो वीतभर लांब धरून उचलायची आणि कमरेत कळ घेऊन घरी यायची.

चाचींनी दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. "घ्या. आता धुतल्याला हाय. जवळ धरा. लांब धरलं की जड हुतं, बाई. जवळ घेतलं की निम्मं तर आपलं आंगच उचलतं." मी जवळ धरला. त्या दिवशी पहिल्यांदा कळ आली नाही. मग रोजचंच झालं, मी आले की त्या आधी माझा रॉड पुसायच्या.

एका सकाळी त्या उशिरा आल्या. हातांना मासळीचा नव्हे, कापराचा वास. मी विचारलं.

"मयताला गेलते. आमच्यात बाईमानसाला बायाच आंगूळ घालत्यात. आमच्या गावात ते मीच करते. आईनं शिकिवलंय." आणि बोलता बोलता त्या नेहमीसारखा माझा रॉड पुसायला लागल्या.

पुढचं लिहायला जड जातंय, पण लिहिते. मी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि त्यांनी पुसलेला रॉड त्यांच्या देखत परत पुसला. दोनदा.

चाची बघत उभ्या होत्या. "पुसा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पुसल्याबिगर हात लाववत न्हाई तर पुसा. पर लांब धरू नका." मग फडकं पिळत म्हणाल्या, "घरी आईला बी आसंच लांब धरताय का वं?"

"काहीतरीच काय!" मी फटकन म्हणाले.

पण ते खरं होतं. मी आईला श्वास कोंडून, तोंड भिंतीकडे फिरवून, दोन्ही हात ताठ लांब करून वळवायची. आई उरली होती जेमतेम पस्तीस किलो. पाठ मोडली ती तिच्या वजनाने नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, भावाला तर नाहीच.

चार दिवस मी चाचींची नजर टाळली. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "रविवारी घरी याल का? आईला कसं वळवायचं ते दाखवा." "येते की," त्या म्हणाल्या. जणू ते सॅनिटायझर मी कधी काढलंच नव्हतं.

आल्या, हातपाय धुतले आणि आईच्या खांद्यावर तळवा ठेवला. "आज्जी, कूस बदलते हां." आईच्या अंगावरची चादर त्यांनी काढली नाही. खालून हात घातला, आईला छातीशी घेतलं आणि वळवलं. चादरीच्या आतच सगळं पुसून घेतलं, आईचं अंग कुठे उघडं पडू दिलं नाही. मी इतके दिवस चादर फर्रकन ओढून टाकत असे.

मोरीत बादली भरताना मी हळूच विचारलं, "तुम्ही मेलेल्या बायकांनाही असंच सांगता?"

"व्हय तर! सांगूनच हलवायचं. बिचारीला नवीनच आस्तंय ते समदं." मग बादली उचलत म्हणाल्या, "आन् जे दिसलं ते तितंच ठेवायचं. कुनाच्या आंगाचं बघितल्यालं भाईर बोलायचं न्हाई. आमच्यात तशी रीतच हाय." बाथरूममधली ती सकाळ त्यांनी पोटात का ठेवली होती, ते मला तेव्हा कळलं.

मग माझी पाळी. वास होताच, तो कुठे जातोय! मी तळवा ठेवला, "आई, वळवते हं" म्हटलं आणि तिला छातीशी घेतलं. तिचा लाळेने ओला गाल माझ्या मानेला लागला. कळ आली नाही. आई कुशीवर झाली, जराशी विसावली आणि म्हणाली, "आज तोंड नाही फिरवलंस."

दोन वर्षं तिला ते दिसत होतं आणि ती एका शब्दाने बोलली नव्हती. घाम, थुंकी, ओकारी, सगळ्याची किळस केली मी आयुष्यभर, पण त्या क्षणी माझी मलाच जी आली तशी कधीच नाही. मी रडले. चाची तेवढ्यात बादली घेऊन मोरीकडे निघून गेल्या होत्या.

आई त्यानंतर सव्वा वर्ष घरात राहिली आणि घरातच, माझ्या हातावर गेली. भावाने वृद्धाश्रमाचं नाव परत काढलं नाही. मी जिम सोडली नाही. घामाची किळस अजून येते, चाचींचं उत्तरही मिळत राहिलं.

गेल्या फेब्रुवारीत चाची तीन दिवस आल्या नाहीत. बाकावर ठशांवर ठसे चढले आणि पोरं खुशाल त्यावरच टॉवेल टाकून आडवी व्हायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी मालकाला फोन आला. ताप डोक्यात गेला, पहाटे चाची गेल्या. पोरांनी लगेच खिशातून फोन काढले. एकाने चाचींचा फोटो स्टेटसला टाकला, त्यातही निम्म्या फोटोत त्याचा स्वतःचा दंड. शिसारी आली मला. एवढी चकचकीत लोखंडं उचलणारी पोरं, पण कोपऱ्यातलं चाचींचं फडकं एकाने उचललं नाही. मी ते भिजवलं, बाक पुसला आणि पवनानगरची जीप पकडली.

अंगणात पुरुष बसलेले. बायका आत. दाराला आडवी चादर लावलेली, आत आंघोळ चालली होती. मी परकी, मला आत जाता येणार नव्हतं. बाहेरच्या चुलीवर हंड्यात पाणी कोमट होत होतं, त्यात बोरीची पानं. मी चुलीपाशी उभी राहिले. कोंबड्यांची शिट, चिखल, धूर, सगळं माझ्या पायाशी.

चादरीआडून एका बाईने डोकं बाहेर काढलं. "पानी आना गं कुनीतरी." आजूबाजूला रिकामी बाई मी एकटीच होते.

हंडा बाहेरून काजळीने काळाकुट्ट, आणि मी पांढऱ्या कुडत्यात. मी आधी त्याला तळवा लावला. गुडघ्यात वाकले, छातीशी धरला आणि उठले. काजळी कुडत्याला लागली, पाणी गळ्याखालून आत गेलं. मी दाराशी आले आणि म्हटलं, "चाची, पाणी आणलंय हां."

हंडा घ्यायला आतून दोन हात आले, चादर बाजूला झाली. मला आत जे दिसलं, ते मी सांगणार नाही.