ब्राझीलचं गाणं आणि आईचा पदर

परवा नातीने फोनवर ब्राझीलचं नवंकोरं गाणं लावलं. कानात सांगितल्यासारखा हळू आवाज आणि मागे गिटार. ऐकता ऐकता मी साठच्या दशकातल्या, कोकणातल्या आमच्या रेडी गावच्या घराच्या ओसरीवर जाऊन पोचले.

बोटीवर नोकरीला असलेला मामा ब्राझीलहून एक रेकॉर्ड आणि बॅटरीवर चालणारा प्लेअर घेऊन आला होता. त्याने सुई टेकवली. आई बांगडे साफ करत होती. पोर्तुगीज शब्द कानावर पडताच तिने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि चक्क गुडघे टेकले. तिचं माहेर गोव्यातलं, पण ही भाषा तिने ऐकली होती ती फक्त चर्चमधल्या प्रार्थनेत.

मामा हसत सुटला. "अगो, ह्यां प्रेमाचां गाणां!"

आई हलली नाही. "इतक्या हळू माणूस देवाकडेच बोलता," ती म्हणाली.

मामाचं हसू तिथेच विरलं. रेकॉर्ड संपेपर्यंत आई तशीच गुडघ्यांवर राहिली.

"आजी, डोक्यावर पदर का घेतलास? प्रेमाचं गाणं आहे हे!" नात म्हणाली.

"माहीत आहे गो," मी म्हटलं आणि पदर तसाच ठेवला.