नवरदेवाचा नारू

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझं लग्न आठवड्यावर आलं आणि नेमका तेव्हाच माझ्या पायातून नारू बाहेर आला. नारू आता कुणाला ठाऊक असणार म्हणा! विहिरीच्या पाण्यातून हा जंत पोटात जायचा, वर्षभर आत मुक्काम ठोकायचा आणि मग नडगीवर फोड आणून दोऱ्यासारखा बाहेर डोकावायचा. आमच्या तारोडी गावची विहीर पायऱ्यांची. तिच्यात आम्ही पाय बुडवायचो, तेच पाणी ओंजळीने प्यायचो आणि वर म्हणायचो, आमच्या पाण्याला तोड नाही. म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा.

आईने नारूचं टोक आगपेटीच्या काडीला गुंडाळलं. रोज जरासा ओढायचा, जरासा गुंडाळायचा. हिसका बसून आत तुटला तर पाय सडलाच म्हणून समजा. वर तिची ताकीद, "पोरीकडच्यांना कळता कामा न्हाय." लग्नात नाचायचं म्हणून मी खास मुंबईत सूट शिवून घेतला होता. पँटचे पाय तेव्हा रुंद असायचे, एवढीच देवाची कृपा. काडी आणि पट्टी आत मावली.

लग्न भाईंदरला, मुलीकडच्या चर्चमध्ये. बैलगाडीतून उतरलो, बँड सुरू झाला आणि मी बदकासारखा चालू लागलो. चर्चच्या दारात मुलीच्या मामाने मला अडवलं.

"नवरा लंगडा हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बघायला गेलो तवा पण जागचा उठला न्हवता."

उठलो नव्हतो हे खरं. त्या दिवशी मी भारदस्त दिसायच्या खटपटीत होतो.

"पाय मुरगाळलाय त्याचा," आई म्हणाली.

"मग दाखवा. न्हायतर आमची पोर आम्ही घरी नेतो."

नवरीशिवाय परतलो असतो तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती, ते एक. पण मुख्य म्हणजे मुलगी मला मनापासून आवडली होती. शेवटी भर दारात मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नवा सूट, चकचकीत बूट आणि मध्ये काडीला गुंडाळलेला नारू. बँडवाले वाजवायचे थांबले.

नवरी पुढे आली, वाकली आणि नीट बघू लागली. मिठागरांमुळे भाईंदरच्या विहिरी मचूळ. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळूनच माठात ओतायचं, ही तिच्या घरची रीत.

"तुमच्यात पाणी गाळत न्हाय?" तिने विचारलं. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"गाळायचं कशाला? आमचं पाणी चांगलं हाय," मी म्हणालो. पँट अजून माझ्या हातातच होती.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ती मामाकडे वळली.

"लंगडा न्हाय, मामा. अक्कल कमी हाय. तिचं मी बघते. चला आत."