वाळ्याचे पडदे

लढाईच्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तेही इतकं थोडं की मोटार असलेली माणसंसुद्धा टांग्यातून फिरत. आमचे वडील मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी भवानी पेठेतल्या एका मिस्त्रीकडून मोटारीच्या पाठीमागे उभी लोखंडी भट्टी बसवून घेतली. तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा आणि मोटार कण्हतकुंथत का होईना, चालायची. वडिलांना तिचा इतका अभिमान की आल्यागेल्याला बाहेर नेऊन ती दाखवत. नळी मागच्या बाकाखालून गेली होती, आणि तिचा जोड ढिला झाला की वडील त्यावर ओली चिंधी गुंडाळत. मागच्या बाकावर मी आणि माझी धाकटी बहीण बसायचो.

धाकटी पाच वर्षांची, मी तेराची. ती जन्मापासून तोळामासा प्रकृतीची. डॉक्टरांनी हवापालट सांगितला, आणि वडिलांच्या एका मित्राचा काष्टीजवळ लिंबांचा मळा होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. वडील घरी आले की भट्टी पेटवायला अर्धा तास, आणि एकच्या सुमाराला, म्हणजे चांगलं डोक्यावर ऊन असताना, आमची स्वारी निघायची. शिरूरचा पूल ओलांडला की उजवीकडे वळायचं, आणि तिथून पुढे नुसता फुफाटा. रविवारी दुपारी परत. त्या उन्हाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो.

आईने उन्हावर उपाय काढला होता. मागच्या खिडक्यांच्या मापाचे वाळ्याचे जाड पडदे तिने स्वतः शिवले. धूळ येऊ नये म्हणून काचा वर करायच्या, काचांच्या आतून पडदे बांधायचे आणि तांब्यातलं पाणी त्यांवर शिंपडत राहायचं. ते काम माझ्याकडे होतं. पुढे वडील हात बाहेर काढून इशारा करत, म्हणून त्यांची खिडकी उघडी, आई त्यांच्या शेजारी. मागे आम्ही दोघी ओल्या वाळ्याच्या गारव्यात, अंधारात. काय तो वास! अजूनही कुणाच्या माठात वाळा असला तर मी त्या घरचं पाणी पीत नाही.

शिरूर येईतो माझं डोकं ठणकायला लागायचं. धाकटीला उलट्या होत. आई म्हणायची, ऊन लागलं, पडदे नीट ओढून घ्या. धाकटीच्या मुठीत कांदा द्यायची, कपाळावर ओला रुमाल ठेवायची आणि फट राहिली असेल तर तीही बुजवायची. मळ्यात पोचून विहिरीकाठी तासभर बसलो की दोघी टुणटुणीत. धाकटी लिंबं गोळा करत धावायची, दोन भाकरी खायची. वडील खूश होऊन म्हणायचे, "पाहा, याला म्हणतात हवा." रविवारी घरी पोचेपर्यंत पुन्हा डोकेदुखी, पुन्हा मलूल. आईची खात्रीच पटली की पुण्याची हवा पोरीला मानवत नाही, आणि दर शनिवारी गेलंच पाहिजे. आमच्याइतक्या शिकल्यासवरल्या माणसांना हे सहज पटलं.

मळा सांभाळणारं एक जोडपं होतं. त्यातली बाई आईच्याच वयाची, फार बोलत नसे. सहाव्या खेपेला तिने धाकटीला मोटारीतून उचलून खाली घेतलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सरळ मोटारीत डोकं घालून तिने पडदे चाचपले. वडिलांशी बोलायची तिची छाती नव्हती. संध्याकाळी धारेच्या वेळी तिने मला गोठ्याशी गाठलं.

"ताई, त्या गाडीत इंगळ असत्यात न्हवं?"

भट्टीत निखारे तर असायचेच. मी हो म्हटलं.

"मंग दारं लावून बसू नगा. माज्या भनीच्या बाळतपनात बाजंखाली शेगडी हुती. वारं लागंल म्हनून म्हातारीनं दार लावलं, फटीत चिंध्या घातल्या. सकाळी बगतोय तर मायलेकरं दोगं बी गेल्याली. त्वांड लालबुंद हुतं, निजल्यावानी. तुमच्या धाकलीचं तसंच दिसलं मला. सायबास्नी सांगा. इंगळ पेटल्यालं आसलं की दार लावू न्हाई."

मला तेव्हा नकला करायची भारी खोड होती, आणि त्या मी चांगल्या करायची. रात्रीच्या जेवणाला मी निरोप सांगितला, पण कसा? पदर डोक्यावरून घेऊन, डोळे मोठे करून, "सायबास्नी सांगा" पासून थेट "दार लावू न्हाई" पर्यंत. वडिलांना हसता हसता ठसका लागला. भट्टी मोटारीच्या बाहेर आहे, शेगडी आणि गॅस प्लँट यांत फरक असतो, हे त्यांनी मला समजावून दिलं. आईसुद्धा हसली. धाकटीने तर ती नक्कल माझ्याकडून पुन्हा दोनदा करवून घेतली. निरोप पोचवला याचं मला समाधान होतं. मी तो मारून टाकला होता, हे मला कळलं नाही.

रविवारी निघताना ती बाई बांधावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. सांगितलं, अशा अर्थाने.

त्या दिवशी ऊन फार होतं. वडिलांनी नळीच्या जोडावर नवी चिंधी बांधली. धाकटी बाकावर आडवी झाली, डोकं कोपऱ्यात, पाय माझ्या मांडीवर. मला मळमळायला लागलं तसं मी माझ्याकडची काच चार बोटं खाली केली आणि पडदा आणि काच यांच्या मध्ये तोंड घालून बाहेरची हवा घेत बसले. आईला दिसू नये म्हणून पडदा पाठीमागून नीट ओढून घेतला. म्हणजे वारा मला, आणि धाकटीला पडदा. तिलाही गुदमरत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त बोलणी खायची नव्हती.

पुलाच्या अलीकडे राख काढायला मोटार थांबली. आईने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, गाल बघा हिचे, कसे गुलाबी झालेत. मळा मानवला हो पोरीला. झोपू दे, उठवू नकोस."

मी उठवलं नाही. पडद्यावर पाणी शिंपडलं.

शिरूरच्या बाजारपेठेत वडिलांनी लिंबाचं सरबत घेतलं, तेव्हा ती उठेना. आईने हलवलं, मी हलवलं, कांदा तिच्या मुठीतून सुटून खाली पडला. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवलं, पापण्या उघडून पाहिल्या, बराच वेळ नाडी शोधली, ती लागली नाही. मग त्यांनी विचारलं, बंद जागेत काही जळत होतं का?

"छे," वडील म्हणाले. "मोटारीत होती. नुसतं ऊन लागलंय."

डॉक्टर आमच्या सगळ्यांकडे बघत उभे राहिले. तेव्हा मीच बोलले. माझे शब्द मला सुचेनात, त्या बाईचेच तोंडात आले, तिच्याच हेलात.

"इंगळ पेटल्यालं आसलं की दार लावू न्हाई," मी म्हटलं.

या वेळी वडील हसले नाहीत. ते बाहेर गेले आणि मोटारीचे पडदे ओढून काढू लागले.