ताडपत्रीखालची गोल पाने

ताडपत्रीखाली दबलेली आमरी पुन्हा फुलते का? हा प्रश्न घेऊन मी बरीच वर्षे एकाच डोंगरात जातो आहे. उत्तराकडे वळण्यापूर्वी प्रश्न कसा उभा राहिला ते सांगायला हवे, कारण तो मीच उभा केला.

आम्ही तिघे मित्र. मी शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. दुसरा देवगाव रंगारीचा, शेती भावावर सोपवून शहरात नोकरीला आलेला. तिसऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याला आम्ही भाई म्हणत असू. भाईने आयुष्यभर लग्नांचे आणि अर्जांवर चिकटवायचे फोटो काढले. स्वतःसाठी त्याला एकच फोटो हवा होता. लहानपणी पिशोरला आजोळी असताना, मामाच्या खांद्यावर बसून डोंगरातून जाताना, त्याने एक पांढरे फूल पाहिले होते. त्याच्या पाकळीची कड कात्रीने कातरल्यासारखी होती. तो वर्णन करी तेव्हा त्याची बोटे हवेत ती कड कापत.

ही जमिनीवर उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, असावी असे अनुमान मी काढले. फूल नसले तरी तिला ओळखता येते: जमिनीला चिकटलेले एखाददुसरे गोल, जाडसर पान. हे पान मीच दोघांना कागदावर काढून दाखवले होते. पुढचे वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

आषाढात आम्ही पिशोरपर्यंत बसने आणि तिथून पायी घळीच्या तोंडाशी पोहोचलो. तंबूची जागा मी निवडली. ओढ्यापासून उंच, कड्यापासून दूर, सपाट आणि मऊ. मुलांना शिबिरात शिकवायचो त्या सगळ्या नियमांत ती बसत होती. मग निरगुडीच्या फांद्यांची जुडी करून मी ती झाडू लागलो. खडे वेचले, झुडपे उपटली.

भाई सामानावर बसून पाहत होता. "मास्तर, किती झाडता? इधर क्या दामाद उतरनेवाले है?"

"राहू द्या भाई," देवगावचा मित्र म्हणाला. "वर्ग झाडल्याबिगर त्याला शिकवता येत नाय."

मी हसलो, जागा मोकळी आहे असे सांगितले आणि ताडपत्री अंथरली.

दोन दिवस आम्ही घळ पालथी घातली. निसरड्या दगडांवरून, कधी गुडघाभर पाण्यातून, कॅमेरा डोक्यावर धरून. एका जुन्या आंब्यावर रास्ना, म्हणजे झाडावर वाढणारी आमरी, फुलली होती. तपकिरी पाकळ्या, जांभळी जीभ. भाईने तिचे फोटो मन लावून काढले. खाली उतरल्यावर म्हणाला, "अच्छी है. पण वो नहीं."

परतायच्या सकाळी आम्ही ताडपत्री उचलली. जिथे भाईचे अंथरूण होते, तिथे गवत पिवळे पडले होते आणि त्यात काही गोल पाने मातीत रुतली होती. मधोमध एक दांडा मोडून आडवा झाला होता. त्याच्या टोकाला पांढरे काहीतरी होते, चुरगळलेले. कातरलेली कड तेवढी कळत होती.

भाई उकिडवा बसला. "मास्तर, हेच का?"

"हो."

"तभी तो रातको पीठमें कुछ चुभता था. मैं बोला पत्थर होगा. फिर बोला, मास्तर पत्थर छोडनेवाले नहीं." तो हसला. देवगावचा मित्र हसला नाही.

निदान पानांचा तरी फोटो घे, असे मी सुचवले. भाईने कॅमेऱ्याची पेटी बंद केली. "पासपोर्टके फोटोमेंभी आदमीको कंगी करने देते. इसको ऐसे कैसे निकालूं?"

मी झाडून कडेला लोटलेला ढीग उपसला. त्यातही तशी पाने निघाली, काहींना कंद लटकलेले. ते मी पुन्हा पुरले. देवगावच्या मित्राने पाणी आणून दिले.

या वनस्पतीचा व्यवहार समजून घ्यायला हवा. जुना कंद दरवर्षी झिजतो आणि पाने नव्या कंदाचे पोषण करतात. पाने दबली तर नवा कंद लहान राहतो. तो पान काढील, पण फूल काढण्याइतके बळ त्याला येईलच असे नाही. पुढच्या आषाढात नेमके तेच दिसले: पाने होती, फूल नव्हते. त्यानंतरही पानेच.

आता भाईचे गुडघे डोंगर चढू देत नाहीत. मी परतलो की तो स्टुडिओच्या पायरीवरूनच विचारतो, "खिला क्या?" एका वर्षी उताराच्या खालच्या अंगाला मला एक फूल दिसले. त्याचा फोटो काढून मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिले. "वहींका है?" हो म्हणणे सोपे होते आणि शब्द ओठांपर्यंत आलाही होता. मी म्हणालो, "थोडे खाली."

"फिर ये उसका पडोसी है," भाई म्हणाला आणि भिंग पुसून ठेवले. फोटो त्याने परत दिला नाही. पण भिंतीवरही लावला नाही.

म्हणून उत्तर अजून माझ्याजवळ नाही. आषाढात कोणी पिशोरकडच्या त्या घळीत गेले, तर तोंडाशीच ओढ्याच्या वर ती सपाट, मऊ जागा लागेल. तिथे काही अंथरण्यापूर्वी कृपया गुडघे टेकून पाहावे. गोल पानांमधून दांडा वर आला आहे का, हे स्वतः तपासावे. माझ्या शब्दावर विसंबू नये. ती जागा मोकळी आहे, असे मीच एकदा सांगितले होते.