गणपतीला न आलेले दादा

माननीय दिनकरराव ताम्हाणे, म्हणजे आपले दादा, यांना मी प्रथम पाहिले ते रोह्याजवळच्या वरसे येथील आमच्या गणेश मंडळाच्या सभेत. तेव्हा ते आमदार होते. मी नववीतून शाळा सोडून धाटावच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला लागलो होतो. मिरवणुकीत डीजे लावायचा, असे आम्हा पोरांचे ठरले होते. दादा उभे राहिले आणि म्हणाले, "लेझीम काढा, मी स्वतः खेळतो. डीजे लावलात तर येऊन बंद करीन." आम्ही त्यांची हुर्यो उडवली. विसर्जनाच्या दिवशी ते खरोखरच आले आणि त्यांनी तो बंद केला. पुढच्या निवडणुकीत आमच्या भागाने राग काढला. दादा पडले.

दादा जुन्या वळणाचे आहेत. मूर्ती शाडूचीच, पेणच्या ठरलेल्या कारखान्यातलीच, आणि पूजा सोवळ्यातच. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण मते मिळावीत म्हणून त्यांनी ती कधी बदलली नाहीत. पुढे सरकारने त्यांना एका दूरच्या देशात राजदूत म्हणून पाठवले. "हरले आणि फॉरेनला गेले, मजा हाय," असे आपल्याकडे बोलले गेले. ते एक वेळ सोडून देता येईल.

जे सोडून देता येत नाही, ते आता लिहितो. दादांच्या पंचाहत्तरीच्या या सत्काराच्या तयारीसाठी पेणला बैठक झाली. दादा समोर बसलेले असताना एक पदाधिकारी म्हणाले, "कार्यक्रम गणपतीत नको हां. दादांना गणपतीत जमत नाय!" सगळे हसले. दादाही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

राजदूत असताना एका वर्षी दादा गणपतीला रोह्यात आले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्याकडे माणूस नोकरी सोडील पण गणपतीला घरी येईल, म्हणून ते वर्ष कोणी विसरायला तयार नाही. ते का आले नाहीत, हे मात्र कोणी विचारले नाही.

ते माझ्यामुळे आणि माझ्या सोबत्यांमुळे आले नाहीत. आम्ही काही जण एका एजंटामार्फत त्याच देशात कामाला गेलो होतो. कंपनीने पासपोर्ट काढून घेतले आणि पगार थांबवला. घाबरत दूतावासाला फोन केला आणि आम्ही रोह्याकडचे, हेही सांगितले. साहेब सुट्टीवर निघाले आहेत, असे उत्तर मिळाले. थोड्या वेळाने उलट फोन आला.

"रोह्याचे कुठले रे तुम्ही?"

"मी वरश्याचा, दादा. एकजण निडीचा."

"डीजेवाले?"

"व्हय, दादा."

"तिथेच थांबा."

त्यांच्या हाताखालचे अधिकारी म्हणाले होते, "साहेब, तुम्ही जा, मी बघतो." दादांनी तिकीट रद्द केले. "ही पोरं घरी नाहीत आणि मी मोदक खायला जाऊ?" असे ते म्हणाल्याचे त्या अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितले. कंपनीचा मॅनेजर भेटायला तयार नव्हता. दादा त्याच्या ऑफिसाबाहेरच्या खुर्चीत बसले. "पासपोर्ट मिळेपर्यंत मी इथेच आहे, चहा मिळाला तर बरं," असा निरोप त्यांनी आत पाठवला.

चतुर्थीला आमच्या खोलीत आम्ही ताटलीत सुपारी मांडली होती. ऑफिस बंद झाल्यावर दादा आले. कोट काढून, हातपाय धुऊन पूजेला बसले. निडीच्या संतोषने भीत भीत विचारले, "दादा, सोवळं नाय..."

"बनियन धुतलेलं आहे. देवाला चालेल."

संतोषला धीर आला. "मग डीजे लावू का?"

"लाव. पासपोर्ट मग तूच आण."

त्या खोलीत किती तरी दिवसांनी कोणी हसले. आरती झाल्यावर दादा आमच्यात मांडी घालून डाळभात जेवले. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट आणून त्यांनी ज्याचा त्याच्या हातात दिला.

आम्ही घरी यायला निघताना ते म्हणाले, "संतोषचं लग्न ठरलंय. पोरगा फसून परत आला, असं कोणी म्हणायला नको. सुट्टीवर आलो म्हणून सांगा." गावी आल्यावर आम्ही तसेच सांगितले. माझी आई शेजारणीला म्हणाली, "साहेब झाला गो तो! गनपतीलापन नाय आला." मी शेजारी बसून मुकाट ऐकले. पुढच्या वर्षी तर कहर झाला. दादांच्या आळीत विसर्जनाला त्यांचा गणपती पहिला निघायचा. त्या वर्षी आळी त्यांच्यासाठी थांबलीच नाही. दादांनी पाट डोक्यावर घेतला आणि ते सगळ्यांच्या मागून कुंडलिका नदीवर गेले. तेव्हापासून ते मागूनच जातात. आज त्यांना शाल द्यायला निघालेल्यांपैकी किती तरी जण तेव्हा पुढे नाचत होते.

आता संतोषचा संसार नीट चालला आहे. त्याला आणि इतर सोबत्यांना विचारले. सगळे म्हणाले, लिही. दादांना विचारले नाही. ते नको म्हणाले असते.

दादा पंचाहत्तर वर्षांचे झाले. गणरायाने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, पायांत बळ द्यावे आणि मूर्तीचा पाट पेलण्याइतकी मान ताठ ठेवावी. आपण शाल, श्रीफळ द्यालच. पण यंदा विसर्जनाला त्यांच्या दारापुढे थांबा. दादा बाहेर येईपर्यंत कोणी पाऊल उचलू नका.