एकही ओरखडा नसलेलं घड्याळ

माझे सासरे माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचं मनगट बघायचे. लग्नानंतरची पाच वर्षं दर रविवारी मी हे सोसलं. आम्ही के. आर. पुरमहून दोन बस बदलून चामराजपेटला त्यांच्या घरी पोचायचो. मी चपला काढतो न काढतो तोच पुढच्या खोलीतून हाक यायची, "जावई, हात द्या."

ही पुढची खोली म्हणजेच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. रस्त्याकडेला काचेचं टेबल, त्यावर एक वाकडा दिवा आणि मागे भिंतभर बंद पडलेली घड्याळं. मी हात पुढे करायचो. ते माझं घड्याळ सोडवायचे, डोळ्यात भिंग अडकवायचे आणि आठवडाभरात पडलेले ओरखडे मोजायला बसायचे.

"दोन नवीन. एक पट्ट्याजवळ, एक कडेला. कशावर घासलात?"

"मामा, काम करताना लागतं कुठंतरी."

"काम आम्हीपण केलं की. स्टील चांगलं आहे हो. स्टीलची तक्रार नाही."

म्हणजे तक्रार कुणाची, हे काही सांगायची गरज नसायची. आत स्वयंपाकघरात बायको हसायची आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. घड्याळ त्यांनीच लग्नात दिलेलं. आमच्याकडे जावयाला घड्याळ देतातच, त्यात नवल नव्हतं. रोज किल्ली द्यायचं, पांढऱ्या तबकडीचं, साधं स्टीलचं घड्याळ होतं ते. पण दिलेल्या वस्तूची दर आठवड्याला झडती घेणारा सासरा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मी निपाणीकडचा, घरात तुटक बोलायची सवय असलेला माणूस. हे लोक तीन-चार पिढ्या बंगळूरचे, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारे, आवाज कधी न चढवणारे. भांडायचं तरी कसं?

"काम करताना काढून ठेवत जा," हा त्यांचा ठरलेला सल्ला. तो ऐकला की मला हसावं की रडावं कळायचं नाही. मी एका छोट्या कारखान्यात पोलाद कडक करण्याच्या विभागात होतो. दुसऱ्यांनी बनवलेले गिअर, पिना, डाय आमच्याकडे यायचे, आम्ही ते भट्टीत तापवून, तेलात बुडवून टणक करून द्यायचो. माल भट्टीत किती मिनिटं राहिला यावर सगळं अवलंबून. भिंतीवरचं घड्याळ धुराने कधीच काळं पडलं होतं, मग मनगटावर बघायला नको? घड्याळ काढून ठेवलं असतं तर माल करपला असता. हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलं. ते "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचे आणि पुन्हा भिंग लावायचे.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एका रविवारी, फक्त एकदा, त्यांनी भिंग खाली ठेवून म्हणावं, "जावई, या वेळी एकही ओरखडा नाही." खरं सांगायचं तर पुढे पुढे मी आठवडाभर त्या एका वाक्यासाठीच हात सांभाळून काम करत होतो, आणि शनिवारपर्यंत कुठे ना कुठे घासून बसत होतो.

अशातच एक गिऱ्हाईक कारखान्यात आलं. गृहस्थ परदेशात जाऊन येऊन असणारे. त्यांच्या हातात एक घड्याळ होतं, म्हणे टणक केलेल्या स्टीलचं. त्यांनी सगळ्यांसमोर खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि घड्याळाच्या कडेवर जोरात ओढली. वर पितळेची पिवळी रेघ उमटली, ती त्यांनी अंगठ्याने पुसली. खाली काही नाही. घड्याळ जसंच्या तसं.

मी दिवसभर धुमसत राहिलो. ते घड्याळ आपल्या आवाक्यातलं नाही, हे कळत होतं. पण स्टील टणक करणं हाच तर माझा धंदा! दिवसाला शेकडो किलो लोकांचं पोलाद मी टणक करून देतो, आणि माझ्या मनगटावरचं वीस ग्रॅम स्टील मऊ राहतं म्हणून माझा अपमान होतो. असा विचार एकदा डोक्यात शिरला की माझ्यासारख्या माणसाचे हात शिवशिवल्याशिवाय राहत नाहीत.

घड्याळाचं स्टेनलेस स्टील तापवून तेलात बुडवलं तर त्याला काहीच होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आमच्याकडे वितळलेल्या क्षारांची एक भट्टी होती. तिच्यात तासभर ठेवलं की पोलादाच्या सालीत नायट्रोजन मुरतो, आणि ती साल इतकी टणक होते की कानस तिच्यावरून घसरते. स्टेनलेसचीही होते. मात्र मग ते स्टेनलेस राहत नाही, घामाने गंजतं. हेही मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलंही होतं. पण आपल्याला हवं असतं तेव्हा आपण ठाऊक असलेलं बरोब्बर विसरतो. गंज चढायला वर्षं लागतील, असं मी स्वतःला सांगितलं.

आता घड्याळ उघडायचं कुणी? मामांकडे नेणं शक्य नव्हतं. मी स्टेशनबाहेर फुटपाथवर बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन मिनिटांत काच काढली, आतलं मशीन काट्यांसकट एका डबीत ठेवलं आणि रिकामी चौकट नि मागचं झाकण माझ्या हातावर ठेवलं. सासरा घड्याळजी असताना जावई फुटपाथवर घड्याळ उघडतोय, याची त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

भट्टीत टाकायच्या आधी जुने ओरखडे घालवायला हवेत, म्हणून मी चौकट पॉलिशच्या चाकावर धरली. मग झाकण घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बारीक बारीक रेघा होत्या, एकाखाली एक, सुईने ओढल्यासारख्या. ते बघून मला काय आनंद झाला! म्हणजे मामांच्या हातूनही हत्यार निसटतं तर! दर वर्षी आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सकाळी ते माझं घड्याळ उघडून साफ करायचे, तेल द्यायचे, तेव्हाच हे ओरखडे पडले असणार. केसाएवढा तडा शोधायला माझ्या टेबलावर कायम एक भिंग असायचं. ते उचलून मी त्या रेघांवर धरलं नाही. चाकावर झाकण दाबलं आणि आतली बाजू आरशासारखी करून टाकली.

चौकट नि झाकण भट्टीतून बाहेर आली ती राखी रंगाची, जराशी मंद दिसणारी. मी त्यावर कानस ओढली. घसरली. किल्ली ओढली, खिळा ओढला, काही नाही. मी एकटाच हसत उभा होतो. संध्याकाळी फुटपाथवाल्याने मशीन पुन्हा आत बसवून दिलं.

आयुधपूजा चार दिवसांवर होती. त्या सकाळी आम्ही चामराजपेटला पोचलो तेव्हा मामांनी दुकानाचं टेबल धुऊन पुसून ठेवलं होतं. चिमटे, पेचकस, तेलाच्या बारीक दांड्या पितळी ताटात मांडल्या होत्या. बाजूला कुंकू आणि झेंडूची फुलं. एकदा पूजेला बसवलं की त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही. म्हणून त्याआधी वर्षातलं शेवटचं काम माझ्या घड्याळाचं, हा त्यांचा नेम. लाकडी मुठीची सुई तेवढी ताटाबाहेर होती.

"जावई, हात द्या."

त्या दिवशी मी हात जरा जास्तच ऐटीत दिला. त्यांनी भिंग लावलं. कड फिरवली. पुन्हा फिरवली. घड्याळ दिव्याजवळ नेलं, मग दारातल्या उजेडात नेलं.

"रंग असा का?"

मी सगळं सांगून टाकलं. भट्टी, नायट्रोजन, कानस, सगळं. फुटपाथवाल्याचंही सांगितलं, कारण त्या उत्साहात ते लपवायचं सुचलंच नाही. मामांनी झाकण उघडलं आणि आतली बाजू भिंगाखाली धरली. खूप वेळ धरली.

"एकही ओरखडा नाही," ते म्हणाले.

पाच वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली ते हेच. पण ते ज्या आवाजात आलं, तो ऐकून माझी सगळी ऐट उतरली. बायको कॉफी घेऊन दारात आली होती. तिने वडिलांचा चेहरा बघितला, झाकण बघितलं, आणि खाली बसली.

"अण्णा, आकडे?"

"गेले."

मग मला कळलं. आकड्यांचं तिनेच सांगितलं, मामांनी नाही. घड्याळ उघडलं की घड्याळजी झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करून ठेवतो, महिना आणि वर्ष, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळतं. मामा कानडी आकड्यांत लिहायचे. पहिली खूण तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची होती. त्या दिवशी घरात शंभर कामं असताना ते इथे बसून जावयाच्या नव्या घड्याळाला स्वतःच्या हाताने तेल देत होते. मग दर आयुधपूजेला एक. आमची मुलगी झाली त्या वर्षीच्या खुणेशेजारी त्यांनी एक ठिपका जास्त दिला होता. मामा वही ठेवत नसत. इतरांची घड्याळं सेलवर चालायला लागली होती. लोक यायचे ते सेल बदलायला, आणि सेल बदलल्याची खूण कुणी करत नाही. वर्षाला एकदा त्या सुईला खरं काम मिळायचं ते माझ्या घड्याळाचं.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी बायकोवर चिडलो. दुसऱ्या कुणावर चिडायचं ते समजत नव्हतं.

"झाकण तुम्ही कधी उघडाल असं वाटलं नाही," ती म्हणाली.

तोवर मामांनी मशीन साफ करून तेल दिलं होतं. आम्ही इतका वेळ बोलत होतो, ते काम करत होते. त्यांनी सुई उचलली आणि झाकणावर टेकवली. सुई घसरली. त्यांनी मनगट टेबलावर नीट रोवून पुन्हा दाबली. टक् असा आवाज झाला आणि सुईचं टोक मोडलं. झाकणावर काहीही उमटलं नव्हतं. माझं काम पक्कं झालं होतं, त्यात दोष काढायला जागा नव्हती.

"स्वल्प दूर व्हा," ते मला म्हणाले. त्यांनी मोडकी सुई पुसली, ताटात बाकीच्या हत्यारांशेजारी ठेवली, तिलाही कुंकू लावलं आणि पूजा केली.

पुढच्या रविवारी मी कारखान्यातून कार्बाइडचा खिळा नेला. तो काहीही ओरबाडतो, माझ्या भट्टीतून निघालेलं पोलादसुद्धा. मी तो त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "मामा, याने उमटेल. मागच्या सगळ्या तारखा पुन्हा घाला. तुम्हाला पाठ असतीलच."

त्यांनी खिळा हातात घेऊन वजन बघितलं. "पाठ आहेत," ते म्हणाले. "पण जावई, ते काम मी त्या त्या दिवशी केलं होतं. आज बसून त्याची खूण कशी करू? खोटं होईल ते." खिळा त्यांनी माझ्या हातात परत दिला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मलाही ओरडता आलं असतं, आणि दोघं मोकळे झालो असतो.

हिवाळा संपेपर्यंत घड्याळाच्या कडेला तांबूस डाग दिसायला लागले. उन्हाळ्यात मनगटावर त्याचा तपकिरी वळ उमटायचा, साबणानेही जायचा नाही. मी पुस्तकात वाचलं होतं, अगदी तसंच. ओरखडा मात्र एकही पडला नाही.

आणि मामांनी त्यानंतर हाक मारली नाही. रविवारी आम्ही जायचो, ते पोरीची चौकशी करायचे, नातीला मांडीवर घ्यायचे, माझ्याशी बसगाड्यांबद्दल बोलायचे. मनगटाकडे बघायचे नाहीत. माझी पाच वर्षांची कटकट संपली होती, आणि मी दर रविवारी दारात मुद्दाम रेंगाळत होतो.

पुढच्या आयुधपूजेला मी लवकर पोचलो. ताट मांडलेलं होतं, नवी सुई या वेळी आधीच कुंकू लावून ताटात ठेवलेली होती. मी चपला काढल्या, टेबलासमोर जाऊन बसलो आणि न बोलावताच घड्याळाचा हात पुढे केला. मामांनी त्याकडे बघितलं. मग शेजारचा कॉफीचा पेला उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.